पाळण्यातला वरवंटा

सासरी आल्यापासून अंजू एक गोष्ट पक्की शिकली होती. सासऱ्यांसमोर जे काही बोलायचे, ते भविष्यकाळात बोलायचे.

ती डोंगरगडजवळच्या एका खेड्यातली. तिच्या छत्तीसगढीत मुलगा झोपला काय अन् मुलगी झोपली काय, क्रियापदाला त्याचे काही देणेघेणे नसते. 'बाबू सुतत हे', 'नोनी सुतत हे.' झोप सगळ्यांना सारखीच लागते. बिरसीच्या या घरात मात्र चहापासून चपलेपर्यंत प्रत्येक वस्तू कुठल्या तरी एका बाजूला होती, आणि ती बाजू चुकली की ते लगेच कळवणारे माणूस घरातच होते. केशोराव हे मराठीचे निवृत्त शिक्षक. अंजूने पहिल्याच सकाळी कप पुढे करीत म्हटले होते, "बाबूजी, चहा झाली." त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "चहा झाला, सूनबाई."

ते कधी आवाज चढवीत नसत, वैतागत नसत. भाजीत मीठ कमी पडले की एखादा माणूस गाजावाजा न करता वरून चिमूटभर घालून घेतो, तसे ते दुसऱ्याच्या वाक्यात एखादा अनुस्वार घालीत. रागावले असते तर तिलाही रुसता आले असते. या मऊपणावर रुसायचे तरी कसे?

मग तिने तिचाच एक मार्ग शोधला. तो येईल, ती येईल, ते येईल. भविष्यकाळात मराठी भाषा कोणाला काही विचारीत नाही. त्या दिवसापासून अंजूच्या तोंडी सगळेच पुढे व्हायचे राहिले. "बाबूजी, चहा होईल," असे म्हणत ती भरलेला कप ठेवी. पाहुणे अंगणातल्या खाटेवर बसून पाणी प्यायलेले असत आणि ती आत येऊन सांगे, "आई, पाहुणे येतील." एकदा तिने हाक दिली, "आई, दूध उतू जाईल!" सासू, सुशिलाबाई, पदराला हात पुसत सावकाश आल्या. पाहतात तो शेगडी, ओटा, फरशी, सगळीकडे दूधच दूध.

"जाईल काय म्हनतेस वं?" त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या. "गेलं ना पुरं!"

नवरा इंद्रकुमार तिच्याशी हिंदीत बोले. गोंदियाच्या रस्त्यावर त्याचे मोटारपंपांचे दुकान होते आणि तिथे अर्धा दिवस हिंदीच चालत असल्यामुळे त्याला यात वावगे काही वाटत नसे. घरात कोणी अंजूला वाईट वागवीत होते असे मुळीच नाही. ती फक्त दिवसेंदिवस कमी बोलू लागली होती, आणि ते तिच्या स्वभावातच आहे असा सगळ्यांचा समज झाला होता.

मग मुलगी झाली. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण शेवटच्या महिन्यात डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले, म्हणून ते गोंदियातच झाले. त्याच सुमारास केशोरावांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. काळा चष्मा लावून ते दवाखान्यातल्या खोलीच्या दाराशी उभे राहिले आणि म्हणाले, "बाळ कसं आहे?"

घरी आल्यावरही तेच. रोज सकाळी उंबऱ्याच्या बाहेरून विचारणा होई. "बाळ कसं आहे? दूध प्यायलं का? झोपलं का?" उत्तर ऐकून ते मान हलवीत आणि परत जात. त्यांनी नातीला एकदाही उचलले नाही, की तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

'कसं', 'प्यायलं', 'झोपलं' असे लेकीला 'ते' म्हणणे अंजूला टोचू लागले. तिच्या भाषेत असा तिसरा कप्पाच नव्हता. या घरात 'ते' म्हणत ते भांड्याला, दाराला, कुलपाला. आता तिच्या लेकीलाही. नातीला मुलगी म्हणायचे जिवावर येते म्हणून तर हे 'ते' नसेल?

"बाबूजी को लड़का चाहिए था क्या?" तिने इंद्रकुमारला विचारले.

"अरे नहीं यार," तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "वो ऐसे ही हैं."

या उत्तराने कोणाचे समाधान होण्यासारखे नव्हते.

बारशासाठी नागपूरहून नणंद आली, गुंजन. ती नर्स होती, आणि परदेशी नोकरी मिळावी म्हणून संध्याकाळी जर्मन शिकत होती. ती आली त्या दुपारी अंगणात कोवळे ऊन होते. धानाची मळणी उरकली होती, भिंतीशी तणसाचा ढीग होता. शेजारच्या देवकाबाई पाय पसरून बाळाला तेल लावीत होत्या. डोक्यावरून गावाजवळच्या वैमानिक-शाळेचे छोटे विमान घरघरत फेऱ्या मारीत होते आणि बाळ त्याच्या तालावर हातपाय हलवीत होते.

"साजरी टुरी से!" देवकाबाई आपल्या पोवारी बोलीत म्हणाल्या, म्हणजे पोरगी छान आहे.

केशोराव खुर्चीत वर्तमानपत्र धरून बसले होते. डोळ्यामुळे वाचायला मनाई होती. पण हातात काही नसले की त्यांना चैन पडत नसे. कागदाआडून ते म्हणाले, "तान्ह्या मुलाला 'ते' म्हणावं, देवकाबाई. बाळ, मूल, लेकरू, तान्हं. मराठीनं ही सगळी नपुंसकलिंगात ठेवली आहेत."

"कायले जी?" सुशिलाबाईंनी सुपातले तांदूळ पाखडणे थांबवले. "माया नातीले नपुसक म्हनून राह्यले का तुमी?"

"व्याकरणात, सुशिला. व्याकरणात."

"तुमचं व्याकरन ठेवा तुमच्यापाशी. धडधडीत पोट्टी आहे. डोळा बसवला ना नवा? मंग पाहा ना जवळ येऊन."

केशोराव जवळ आले नाहीत. गुंजनने हसून त्यांची बाजू घेतली. "आई, बाबांचं बरोबर आहे. जर्मनमध्येपण बाळ म्हणजे 'ते'च. आणि गंमत म्हणजे तिकडे मुलगीसुद्धा 'ते'. चांगली मोठी झाली, शाळेत जायला लागली, तरी 'ते'. बाई झाली की मग 'ती'."

"आन पोरगा?" देवकाबाईंनी विचारले.

"पोरगा 'तो'. पहिल्यापासून."

"म्हंजे तिकडं बी आपल्यासारखंच आहे," देवकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी बाळाला पालथे घातले.

सगळ्या हसल्या. हिंदीत काय, असे कोणी तरी विचारले. गुंजनने सांगितले की तिथे सगळी पोरे आधी 'बच्चा'. कोणी खोदून विचारले तर मग 'बच्ची'. सुशिलाबाई सुनेकडे वळल्या. "आन तुयाकडं वं अंजू? तुयाकडं काय म्हनतेत?"

अंजूला सांगण्यासारखे पुष्कळ होते. तिच्याकडे मुलीला नोनी म्हणतात, मुलाला बाबू. पण दोघांचे रडणे, हसणे, झोपणे एकाच साच्यातले असते, असे काही तरी. ते सगळे वाक्य तिने मनात जुळवले, केशोरावांच्या वर्तमानपत्राकडे पाहिले आणि म्हणाली, "आमच्याकडे... सगळे सारखेच राहतील."

वर्तमानपत्र खाली आले. "हे बघा," केशोराव म्हणाले. "लेकराच्या कानावर सुरुवातीलाच चार-पाच भाषा पडल्या तर त्याचा गोंधळ होतो. बारशापासून या घरात बाळाशी एकच भाषा बोलायची. शुद्ध मराठी. सूनबाई, तुम्हीसुद्धा. घाबरायचं नाही. चुकलं तर मी आहेच."

'मी आहेच' हे त्यांनी धीर देण्यासाठी म्हटले होते. अंजूला मात्र ती ताकीद वाटली.

आतापर्यंत दूध पाजताना ती अंगावर शाल ओढून घेई आणि आतल्या आत लेकीशी बोले. "झन रो मोर नोनी, झन रो." तेवढी शालीआतली जागा तिची होती. आता तीही जाणार. त्या संध्याकाळी तिने सराव म्हणून मराठीत सुरुवात केली. "रडू नको बाळा. तू किती शहाणा... शहाणी... शहाणं..." बाळ तोंड उघडून तिच्याकडे पाहत राहिले आणि मग आणखी जोराने रडू लागले. भविष्यकाळही इथे कामाचा नव्हता. सासऱ्यांशी पुढे होणाऱ्या गोष्टी बोलता येतात; लेकराला भूक आत्ता लागलेली असते.

बारशाच्या दिवशी सकाळपासून घर भरले. देवकाबाईंच्या घरचा लाकडी पाळणा आणून मधल्या खोलीत टांगला. अंजूची खाट त्याच खोलीच्या कोपऱ्यात होती. बाळंतिणीला आडोसा म्हणून तिच्यापुढे एक जुने पातळ दोरीवर टाकलेले होते. सुशिलाबाईंनी पाट्यावरचा वरवंटा धुऊन आणला. त्याला तेल चोपडले, हळदकुंकू लावले, कोऱ्या कपड्यात गच्च गुंडाळले, वरच्या टोकाला बाळाचे टोपरे चढवले आणि त्याला पाळण्यात निजवले.

"रिकामा पाळना हालवाचा नसते," त्यांनी अंजूला समजावले. "पयले हा निजते. दिठबिठ काय लागाची ते याले लागो, दगडच आहे. मंग आपली पोट्टी."

नंतर बायका त्याला पाळण्याखालून आणि वरून एकमेकींच्या हाती देणार, गोविंदाचे नाव घेत, गोपाळाचे नाव घेत. बारसे मुलाचे असो वा मुलीचे, वरवंटा नेहमी गोपाळच. अंजूने टोपऱ्यातल्या त्या काळ्या गोल दगडाकडे पाहिले. अंधूक उजेडात तो खरोखरच गाढ झोपल्यासारखा दिसत होता.

घुगऱ्या परसातल्या चुलीवरून उतरवायची वेळ झाली तशा सगळ्या तिकडे गेल्या. अंजू पातळाआड खाटेवर बसून लेकीला पाजू लागली. तेवढ्यात दार किंचित करकरले.

केशोराव आत आले. अंगात धुतलेला सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा, चपला हातात. त्यांनी मागे वळून अंगणात कोणी नाही याची खात्री केली, दार लोटून घेतले, चपला भिंतीशी ठेवल्या आणि पाळण्यापाशी येऊन उभे राहिले. कोपऱ्यातले पातळ त्यांच्या लक्षात आले नाही.

अंजूने पदर सावरला. आता बोलायलाच हवे होते. बाबूजी, ते बाळ नाही. एवढेच. पण मग काय आहे? वरवंटा. तो वरवंटा. पण टोपरे घातल्यावर तो 'ते' होतो का? आणि बायका तर त्याला गोपाळ म्हणणार, म्हणजे पुन्हा 'तो'. ती वाक्याची टोके जुळवीत होती तोवर केशोरावांनी घसा खाकरला.

"बाळ," ते म्हणाले. "झोपलं आहे का?"

वरवंटा काही बोलला नाही. केशोरावांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. असा आवाज अंजूने त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"झोपला का माया राजा? आँ? का रुसली वं माय? बुढा येत नाई, घेत नाई, म्हनून रुसली का तू?" त्यांनी पाळण्याची दोरी हलकेच ओढली. "कसा येऊ बावा? सारे पाहून राह्यतेत. गुंजनच्या वेळी बी असाच दारात उभा राहो मी. मास्तर मानूस. मले लाज वाटे."

पाळणा हलत राहिला. पातळाआड अंजू लेकीला छातीशी धरून ऐकत होती.

"तुया आईचंबी तसंच. मायासंगं बोलतच नाई. चहा होईल, जेवन होईल, यापुढं गाडीच जात नाई तिची. मी आलो का चूप. तुयासंगं बोलते ना शालीत? ऐकलं मी बाहेरून. काय बोलते ते कळत नाई; पन गोड वाटते ऐकाले." त्यांनी दोरी पुन्हा ओढली. "तू मोठी झाली का सांगजो तिले. म्हनजो, बुढा वाईट नाई. पोराईच्या वह्या तपासू तपासू हाताले खोड लागली. लाल शाई सुटत नाई."

एवढे बोलून केशोराव धीर करून पुढे झाले. त्यांनी कपड्यावरून हात फिरवला, टोपऱ्याखाली दोन बोटे सरकवली. कपाळ लागले. गुळगुळीत. कडक. थंडगार.

मग त्यांनी असा टाहो फोडला की छपरावरची कबुतरे उडाली.

"सुशिला! धाव वं! माई पोट्टी गार पडली! गार पडली वं माय!"

वाकायचे नाही, जड उचलायचे नाही, हे डॉक्टरांचे सांगणे कुठल्या कुठे गेले. त्यांनी पाळण्यात हात घालून ते गाठोडे उचलले, छातीशी घट्ट धरले आणि ऊब यावी म्हणून सदऱ्याआड कोंबू लागले. परसातून बायका धावल्या; सुशिलाबाईंच्या हातात झारा तसाच होता.

पातळ बाजूला सारून अंजू लेकीसकट बाहेर आली. "बाबूजी! नोनी इथं आहे! नोनी दूध पिऊन राहिली! तो दगड आहे, बाबूजी, दगड!"

हे सगळे ती वर्तमानकाळात बोलली होती, पण ते त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही. तिच्याही नाही. केशोराव छातीशी वरवंटा धरून नातीकडे बघत उभे राहिले. नातीने दूध सुटले म्हणून भोकाड पसरले होते आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता. एवढी जिवंत वस्तू त्या खोलीत दुसरी नव्हती.

सुशिलाबाईंना सारे उमगायला थोडा वेळ लागला. उमगले तेव्हा त्यांनी झारा पाळण्यात ठेवला आणि दोन्ही हात पुढे केले. "आना त्याले इकडं. उद्या चटनी वाटाची आहे मले."

मग जे हसू फुटले ते अंगणातून रस्त्यापर्यंत गेले. देवकाबाई तर खालीच बसल्या. डोळे पुसत त्यांनी विचारले, "गुरुजी, 'गार पडली' म्हनलं ना जी तुमी? बाळ गार 'पडलं' पायजे होतं ना?"

"मी घाबरलो होतो," केशोराव म्हणाले.

"मंग घाबरल्यावरच बराबर बोलता तुमी."

अंजूने कोणाला न विचारता लेक त्यांच्या हातांत दिली. ते गडबडले; हात कुठे धरावा, मान कशी पेलावी, त्यांना सुचेना. मग सदऱ्याच्या बाहीला ते गरम, वळवळणारे अंग टेकले आणि त्यांनी ते अलगद जवळ ओढून घेतले. काळ्या चष्म्याच्या काठाखालून गालावर काही तरी ओघळले.

"थेंब टाकायची वेळ झाली वाटतं," ते म्हणाले. "डोळ्यात."

"टाकीन मंग," सुशिलाबाई म्हणाल्या, आणि या वेळी त्यांचा आवाज नवऱ्याइतकाच मऊ होता.

बारसे रीतीप्रमाणे झाले. वरवंटा पाळण्याखालून-वरून फिरला, तेव्हा प्रत्येक बाई "गुरुजींना आधी द्या" म्हणत होती. गुंजनने आत्याच्या मानाने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितले आणि पाठीवर धपाटे खाल्ले. नाव केशोरावांनी पुष्कळ दिवस विचार करून काढले होते : व्यंजना. ते फळ्यावर लिहिल्यासारखे सगळ्यांना स्पष्ट उच्चारून दाखवण्यात आले. पण देवकाबाईंना ते काही जमले नाही, आणि 'बेंजना' ऐकल्यावर केशोरावांनी पहिल्यांदाच दुरुस्ती न करता पाणी मागितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंजू अंगणात लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. "झन रो मोर नोनी," ती म्हणत होती, आणि शाल खांद्यावरून घसरलेली होती. केशोराव ओसरीवर आले तशी ती सवयीने गप्प झाली.

"थांबलात कशाला?" ते म्हणाले. मग त्यांनी नेहमीची उंबऱ्यामागची जागा सोडली, पायऱ्या उतरले आणि तिच्यापासून हातभर अंतरावर पाटावर बसले. "नोनी काय करते?"

अंजूने त्यांच्याकडे पाहिले. मग लेकीकडे पाहून ती पुरेशा मोठ्याने म्हणाली, "देख नोनी, तोर बबा आ गे."

"बबा म्हणजे?"

"आजोबा."

"म्हणजे मी."

"हो, बाबूजी."

केशोरावांनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिले. "बबा आ ग्ये," ते नातीला म्हणाले.

"गे," अंजू मऊ आवाजात म्हणाली. "नुसतं गे. चुकलं तर मी आहेच."

केशोराव तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलू लागले, आणि ते हसताहेत हे तिला जरा उशिरानेच कळले.

आतून पाट्यावर वरवंटा घासल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने सुशिलाबाईंनी जेवायला हाक दिली. ताटात भात होता, वरण होते आणि कडेला लसणाची लाल चटणी. एरवी केशोराव आधी तीच संपवीत. त्या दिवशी त्यांनी ताट थोडे फिरवले, चटणी आपल्यापासून लांब केली आणि नुसताच वरणभात कालवू लागले.

"काऊन जी? तिखट झाली का?" सुशिलाबाईंनी विचारले.

"नाही," केशोराव म्हणाले. "आज नको."

अंजूने त्यांच्या ताटातली चटणी काढून आपल्या ताटात घेतली. "आई, चटणी छान झाली," ती म्हणाली, आणि कोणाच्याही तोंडाकडे न पाहता जेवू लागली.